कवला, पण नक्की कुठला? मसाई पठारावरचे एकसारखे दिसणारे भाऊबंद

सडा_आणि_मी
गौरी-गणपती उरकले, पावसानं पण जरा उघडीप दिली, म्हणून परवा रविवारी पहाटेच मसाई पठारावर गेलो. पन्हाळ्याहून म्हाळुंग्याच्या अंगानं वर चढलो आणि डोळ्यांचं पारणं फिटलं, नुसता पिवळा गालिचा. लांबून सगळी सोनकीच वाटते पण खाली बसलं की कळतं निम्मा पिवळा रंग कवल्याचा आहे.

आता माझा प्रश्न. मला तीन ठिकाणी तीन कवले दिसले. पहिला पायवाटेच्या कडेला, गुडघ्याच्या जरा खाली येईल एवढा, अंगभर राठ केस, फुलाच्या वरच्या मोठ्या पाकळीवर दोन लालभडक ठिपके. दुसरा तळ्याच्या काठाला ओलीत, चांगला पसरलेला, हात लावला तर गुळगुळीत, आणि मी फोटो काढायला वाकलो तेवढ्यात पँट घासली तर त्याची पानं हळूहळू मिटायला लागली. तिसरा कातळावर जिथं बोटभर पण माती नाही तिथं, वीतभर उंच, दोऱ्यासारखं खोड, फूल बारीक.

तिन्हीचे फोटो मोबाईलमधल्या ओळखीच्या ॲपला दाखवले. तिन्हीला एकच शास्त्रीय नाव, स्मिथिया हिरसुटा. मला काय हे पटत नाही. हे एकच झाड माती-पाण्याप्रमाणं रूप बदलतंय का खरंच तीन वेगळी आहेत? आणि वेगळी असतील तर बघायचं काय? मला हे मनापासून शिकायचंय. गेली सहा वर्षं मी त्या पठारावर जातोय आणि सगळ्यालाच "कवला" म्हणून पुढं जातोय, आता ते बरं वाटत नाही.

शाहूपुरीकर
पैला नंबर. जागा पकडून ठेवलीय, चर्चा लै भारी होणार. फोटो टाका की राव.

अश्विनी_के
वाचनखूण साठवली. मला तर आजवर "मिकी माऊसचं फूल" एवढंच माहीत होतं, लेकीला दोन कानांचं ते फूल कासला दाखवलं होतं. कवला नाव किती गोड आहे.

पन्हाळकर
माझं गाव पठाराच्या पायथ्याला. लहानपणापासनं म्हशी घिऊन वर जातोय. माझं मत सांगतो, एकच झाड हाय ते. आपली ज्वारी बघा, काळ्या रानात टाकली तर डोक्याच्या वर जाती आणि तीच माळाला टाकली तर कमरंला पण लागत न्हाई. म्हणून काय ती दोन धान्यं झाली व्हय? तळ्याकडंला पाणी मिळालं म्हणून पसरला, कातळावर मिळालं न्हाई म्हणून वाळका ऱ्हायला. इतकंच.

वनस्पतीमास्तर
सडा_आणि_मी, फार चांगला प्रश्न. आणि पन्हाळकर, तुमचा मुद्दा मी बाजूला सारत नाही, कारण उंचीबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे. उंची, पसारा, फुलांची संख्या हे सगळं माती-पाणी ठरवतं. म्हणूनच ओळखताना या गोष्टी धरायच्या नाहीत. माती बदलली तरी जे बदलत नाही ते धरायचं.

कॉलेजात तीस वर्षं शिकवलं, त्यात मुलांना पहिली सवय ही लावायचो की फूल समोरून बघू नका, उलटं करून बघा. स्मिथियाची, म्हणजे आपल्या कवल्याची, सगळी पिवळी फुलं समोरून बहिणी-बहिणी दिसतात. ठिपक्यांवर तर अजिबात भिस्त ठेवू नका, ते कमी-जास्त गडद असतात आणि भर उन्हातल्या मोबाईल फोटोत उडूनच जातात. फुलाच्या मागे जो हिरवा पुष्पकोश असतो, कळीचं आवरण म्हणा हवं तर, तो स्मिथियात दोन ओठांसारखा असतो, एक वरचा आणि एक खालचा. तो उजेडाकडे धरायचा आणि दहापटीच्या भिंगातून त्याच्या शिरा बघायच्या. काहींच्या शिरा सरळ, एकमेकींना न भेटता, फणीच्या दातांसारख्या जवळजवळ धावतात. काहींच्या एकमेकींत मिसळून जाळी करतात, पिंपळाचं पान कुजल्यावर राहतं ना तशी. इथेच सगळा कवला दोन गटांत पडतो.

सरळ शिरा असतील आणि अंग गुळगुळीत असेल तर तुमचा तळ्याकाठचा बहुधा स्मिथिया सेन्सिटिव्हा. नावातच आहे, स्पर्शाला संवेदनशील. जाळी असेल आणि अंगावर राठ केस असतील तर हिरसुटा, त्या लॅटिन शब्दाचा अर्थच केसाळ. ॲप ठिपके आणि रंग बघून बोलतं, त्याला फुलाची पाठ कोणी दाखवतच नाही.

तिसऱ्याबद्दल आत्ता बोलत नाही. मला त्याच्या एका पानात पर्णिकांच्या, म्हणजे पानातल्या छोट्या पानांच्या, किती जोड्या आहेत ते सांगा. पुढच्या वेळी मोजून या.

सडा_आणि_मी
मास्तर, मनापासून धन्यवाद. पर्णिका मोजल्या नाहीत हो, फोटोत पण फोकस फुलावरच आहे. येत्या रविवारी परत जातो.

कर्जतची_सून
मी कोल्हापुरात राहते पण माझं माहेर कर्जतकडचं, आणि आमच्याकडे कवला ही पावसाळ्यातली पहिली भाजी. आषाढात बायका टोपल्यातून विकायला आणतात. कोवळा पाला खुडायचा, बारीक चिरायचा, भरपूर कांदा, मिरची, ओलं खोबरं, कोणी वाल घालतं. इथे आल्यावर पहिल्या वर्षी पठारावर एवढा कवला बघून मी ओंजळभर खुडून आणला आणि भाजी केली, तर घशात टोचायला लागली. नवरा म्हणाला तुमच्या माहेरी हे खातात?

आईला फोन केला. ती म्हणाली, "अगो हाताला लागतो कसा ते बघितलंस का? खरखरला तर सोडायचा, मऊ लागला तर खुडायचा." आणि ती अजून एक म्हणाली की खुडल्यावर पिशवीत पाला मिटून घेतो तो खरा. मास्तर, तुम्ही जे सांगितलंत ते वाचताना अंगावर काटा आला, कारण आईला शिरा-बिरा काही माहीत नाही पण ती बोटांनी तेच दोन ओळखत होती.

वनस्पतीमास्तर
कर्जतची_सून, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. गावोगावच्या बायकांच्या बोटांत जे ज्ञान आहे ते निम्मं सुद्धा कागदावर आलेलं नाही. फक्त एक विनंती, हे वाचून कोणी पठारावर भाजी खुडायला जाऊ नका. एक तर ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे, दुसरं म्हणजे शेंगवर्गातलं सगळंच खाण्यासारखं नसतं. त्याच पठारावर खुळखुळ्याच्या जातीही आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणींत यकृताला अपाय करणारी द्रव्यं असतात.

पेठेतला
मास्तर एक शंका. पेपरात "दुर्मीळ प्रजाती" म्हणतात, तुम्ही "जाती" म्हणालात, बियाणाच्या पिशवीवर "वाण" असतं. नक्की कशाला काय?

वनस्पतीमास्तर
वनस्पतीशास्त्राच्या जुन्या मराठी पुस्तकांत स्मिथिया हा वंश, त्यातली हिरसुटा ही जाती. पेपरवाल्यांनी जातीलाच प्रजाती करून टाकलं आणि आता तेच रूढ झालंय. वाण म्हणजे माणसानं शेतात निवडून तयार केलेलं. आणि रानातल्या एकाच जातीत ठिकाणाठिकाणाला जे पक्के फरक पडलेले असतात, पण वेगळी जाती म्हणण्याइतके नाहीत, त्याला प्रकार म्हणायचं.

पेठेतला
आणि "इतके" किती हे कोण ठरवतं?

वनस्पतीमास्तर
तिथेच खरी भांडणं आहेत. आमच्यात दोन घराणी. एक जरा फरक दिसला की नवं नाव देणारं, दुसरं सगळ्यांना एका नावाखाली आणणारं. दोघांचंही काही ठिकाणी बरोबर निघालंय.

मोहावे
नमस्कार मंडळी, मूळचा रंकाळ्याकाठचा, गेली अकरा वर्षं अमेरिकेत नेवाडा राज्यात. पेठेतला यांच्या प्रश्नाला इकडचं उदाहरण देतो, कारण माझं सध्याचं वेड तेच आहे.

इकडच्या वाळवंटात ॲस्ट्रॅगॅलस नावाचा वंश आहे, तोही शेंगवर्गातलाच, इंग्रजीत मिल्कव्हेच म्हणतात. जगात त्याच्या तीन हजाराच्या आसपास जाती, सपुष्प वनस्पतींमध्ये सगळ्यात मोठा वंश हाच. त्यातली एक जाती आहे लेंटिजिनोसस, म्हणजे ठिपकेवाली, कारण तिच्या फुगीर शेंगेवर लालसर शिंतोडे असतात. या एका जातीचे सुमारे चाळीस प्रकार मानले जातात! एका डोंगररांगेत एक, शेजारच्या खोऱ्यात दुसरा, वाळूच्या टेकडीवर तिसरा. रूपर्ट बार्नबी म्हणून एक माणूस होऊन गेला, त्यानं उत्तर अमेरिकेतल्या सगळ्या ॲस्ट्रॅगॅलसचा मोठा ग्रंथ १९६४ साली काढला, त्यानं यांची बऱ्यापैकी घडी बसवली.

मी पण सडा_आणि_मी सारखाच फुलांच्या मागे लागलो होतो. जांभळं फूल, पांढरं फूल, फिकट फूल. मग इथल्या एका वयस्कर बाईंनी सांगितलं की फुलावर जाऊ नकोस, शेंग पिकेपर्यंत थांब. तेव्हापासून एप्रिलात फुलाचा फोटो काढतो आणि जिथं झाड आहे तिथं एक दगड ठेवून येतो, महिनाभरानं परत जातो. शेंग किती फुगलीय, कातडं कागदासारखं का चामड्यासारखं, चोच वाकडी का सरळ, पानावर चंदेरी लव आहे का नाही, हे बघायचं. आडवी कापली तर आत मधोमध पडदा, दोन खणी डबी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नाव बरोबर असण्यावर झाडाचं भवितव्य अवलंबून असतं. कोचेला खोऱ्यातला प्रकार आणि फिश स्लू नावाच्या पाणथळीतला प्रकार या दोघांना १९९८ साली कायद्यानं संरक्षण मिळालं. जाती म्हणून ती भरपूर पसरलेली आहे, पण ते दोन प्रकार त्या-त्या जागेपुरतेच. सगळ्याला एकच म्हटलं असतं तर ते कोणाच्या लक्षात पण आले नसते.

पन्हाळकर
हे शेवटचं वाक्य पटलं बगा.

शाहूपुरीकर
मोहावे भावा, त्या शेंगा वाळल्यावर वाजतात का रं? आपला खुळखुळा वाजतो तशा?

मोहावे
वाजतात की! बी आत सुटं होतं आणि वारा आला की खुळखुळ आवाज. इंग्रजीत पण त्याला एक नाव खुळखुळ्याचंच आहे. दुसरं नाव लोकोवीड. लोको म्हणजे स्पॅनिशमध्ये खुळा. काही जातींत एक बुरशी झाडाच्या आतच राहते, ती स्वेन्सोनिन नावाचं विष बनवते, आणि घोड्यांनी-गुरांनी ते बरेच दिवस खाल्लं तर ती झोकांड्या खातात, भलतीकडेच बघत उभी राहतात, शेवटी मरतात पण.

शाहूपुरीकर
म्हणजे शेंगेला नाद आणि खाणारा खुळा. नाद खुळा झाड की ओ हे!! अमेरिकेत जाऊन कोल्हापूरचंच झाड शोधलंस गड्या.

मोहावे
हे मला अकरा वर्षांत सुचलं नव्हतं. आता ह्या झाडाला मी दुसरं काही म्हणूच शकणार नाही.

ऊसवाला_करवीर
अवांतर होतंय पण विचारतो. ताग पण खुळखुळ्याचाच भाऊ म्हणतात. मी दरसाल उसाआधी ताग करतो आणि फुलावर आला की गाडतो. गुरांच्या तोंडाला लागला तर काय होतं का?

वनस्पतीमास्तर
हो, ताग म्हणजे क्रोटालेरिया जुन्सिया, खुळखुळ्याच्याच वंशातला. हिरवळीचं खत म्हणून उत्तम, मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधून ठेवतात आणि तुम्ही फुलावर गाडता ते अगदी बरोबर, त्यानंतर खोडाचा वाख राठ होतो आणि कुजायला वेळ लावतो. पण चारा म्हणून भरपूर घालू नका, आणि बी तर नकोच.

अश्विनी_के
माझं पण एक अवांतर. उन्हाळ्यात सरबतात भिजवून घालतात तो डिंक कतिरा, तो या ॲस्ट्रॅगॅलसचा असतो असं वाचलं होतं. खरं का?

वनस्पतीमास्तर
इराण-तुर्कस्तानकडचा जो ट्रॅगाकॅंथ डिंक, तो खरंच ॲस्ट्रॅगॅलसच्या काटेरी झुडपांना चिरा देऊन काढतात. आपल्याकडे मात्र कतिरा या नावानं गणेरीचा डिंक आणि कांडोळाचा डिंक पण विकला जातो. तिन्ही पाण्यात फुगतात, तिन्ही दिसायला पांढुरके. एक नाव आणि तीन झाडं, आपल्या कवल्यासारखंच झालं. डिंकाच्या लाडवाचा डिंक पुन्हा वेगळा, तो तुपात फुलतो, हे फुलत नाहीत.

पेठेतला
मसाईवर हा ॲस्ट्रॅगॅलस सापडेल का?

वनस्पतीमास्तर
नाही. भारतातल्या त्याच्या बहुतेक जाती हिमालयाकडे, लडाख-स्पितीला गेलात तर पावलोपावली दिसतील. आपल्या जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे कातळ पठारावर, तेच काम कवला करतो असं समजा, थोड्या मातीत, थोड्या दिवसांत, आपलं आपण उरकून घेणारा.

निसर्गप्रेमी७२
सगळं वाचलं. पण एक बोलतो, रागावू नका. एवढी बारीक ओळख पटवायला लोक फुलं तोडणार, पठार तुडवणार. रविवारी गाड्या कुठवर जातात बघितलंय ना? नाव कळलं नाही तरी चालेल, झाड राहू दे.

मोहावे
निसर्गप्रेमी७२, तुमची तळमळ समजते, पण नाव नसलं तर झाड राहत नाही हेच मी वर सांगत होतो. तुडवणं थांबायलाच पाहिजे, त्यात वाद नाही.

वनस्पतीमास्तर
दोघंही बरोबर. तोडायची काहीच गरज नाही. पालथं पडून बघा, फूल दोन बोटांत हलकं वळवा, भिंग डोळ्याला चिकटवा आणि डोकं फुलाजवळ न्या, फूल भिंगाजवळ आणायचं नाही. आणि पायवाटेवरून जे पोचता येईल तेवढंच. कवला वर्षायू आहे, यंदाचं बी जमिनीत पडलं तरच पुढच्या श्रावणात झाड. उपटलं तर संपलं.

सडा_आणि_मी
मंडळी, जाऊन आलो! काल सकाळी सातला वर होतो, सोबत बायको आणि दहापटीचं भिंग. सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं शिकवलंत.

आधी तळ्याकाठचा. बोटाला मऊ, खोडावर एक केस नाही. पानावरून बोट फिरवलं, मनात दहा आकडे मोजले, तोवर पर्णिका जोडीजोडीनं एकमेकींना टेकल्या. फुलाची पाठ उजेडाकडे धरली आणि भिंगातून बघितलं, तर सरळ रेघा, अगदी फणीच. माझे हात थरथरत होते खरं सांगतो.

मग पायवाटेचा. केस इतके राठ की एकेक केस बुडाशी जरासा फुगीर, तो फुगीरपणा भिंगात स्पष्ट दिसला. पुष्पकोशावर जाळी. आणि एक फूल गळून गेलेलं होतं तिथं सुकलेल्या कोशाचे दोन ओठ जरा विलगले होते, आत शेंग. शेंग म्हणजे मला वाल-वाटाण्यासारखी काहीतरी वाटलेली, ही तर धोतराला निऱ्या घालाव्यात तशी घडी घालून आत बसवलेली. एकेक घडी म्हणजे एकेक बी. बायको म्हणाली, नऊवारी पेटीत ठेवलीय कुणीतरी. किती वेळ आम्ही दोघं आळीपाळीनं तेच बघत बसलो.

आणि तिसरा, कातळावरचा. मास्तर, पर्णिका मोजल्या. एका पानात चारच. दोन जोड्या, संपलं. एक झाड असं, दुसरं तसंच, वीसेक झाडं बघितली, सगळीकडं दोनच जोड्या. कोशावर जाळी आहे.

वनस्पतीमास्तर
शाब्बास! स्मिथिया बायजेमिना. बाय म्हणजे दोन, जेमिना म्हणजे जुळ्या, नाव ठेवणाऱ्या डाल्झेलनं पण पानंच मोजली होती. हिरसुटा हे नाव पण त्याचंच. एकोणिसाव्या शतकात हा माणूस मुंबई इलाख्यात हिंडला आणि आपल्या सड्यांवरच्या कितीतरी झाडांच्या नावापुढे आज त्याचं नाव लागतं. म्हणजे तुमचे तीन कवले तीन वेगळ्या जाती, प्रकार नव्हेत. आणि अजून बाकी आहेत. आंबा घाट, गगनबावड्याकडे ऑक्टोबरात कमरेच्या वर जाणारा मोठा कवला दिसेल, त्याचं खोड लाकडासारखं टणक असतं, तो सेट्युलोसा. एक आहे आघारकरी, मालवणला जन्मलेल्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांच्या नावाचा, तो आपल्या सह्याद्रीतलाच. आणि जांभळा, त्याला बरका म्हणतात, स्मिथिया पर्प्युरिया, जांभळ्या पाकळीवर पांढरे डाग.

कर्जतची_सून
सडा_आणि_मी, निऱ्यांचं वाचून आईला फोन लावला. ती म्हणाली भाजी निवडताना जून पाल्यात ते "घड्याचे दाणे" तिला कायम लागायचे, ते काढून टाकायचे. मी एवढी वर्षं तिच्याशेजारी बसून पाला निवडला आणि मला कधी दिसले नाहीत.

शाहूपुरीकर
पुढच्या रविवारी मी पण येणार. भिंग कुठं मिळतंय तेवढं सांगा.

सडा_आणि_मी
मी शाळेचं प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानातनं आणलं. सोनारकामाचं, घडीचं भिंग पण चालतं, दहापट लिहिलेलं बघून घ्या.

पन्हाळकर
मास्तर, मी एकच झाड हाय म्हणालो हुतो. आज सकाळी म्हशी सोडल्या आणि गुडघ्यावर बसून पानं मोजली, भिंग न्हाई माझ्याकडं पण दोन जोड्या डोळ्यानं दिसत्यात. तुमचं बरोबर हाय. आणि एक सांगायचं म्हंजे आमच्या वरल्या अंगाला, म्हशी पाण्याला जातात त्या वाटंवर, जांभळा हाय. लहानपणापासनं बगतोय, त्याला आमी कवला म्हणतच नव्हतो म्हणून ध्यानात आलं न्हाई. पांढरं दोन डाग हायत, कान असल्यासारखं. पोराच्या मोबाईलवर पाठीकडनं पण फोटो काढलाय. म्हशी उद्यापास्नं दुसऱ्या वाटंनं नेतो. फोटो संध्याकाळी पोरगा टाकंल, तेवढं बगा.